गळतं कुठून आणि केव्हा

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनलेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घराघरांत ओळखीची झालेली गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. हौशी मालकांच्या दारात मात्र ती अजून उभी आहे, आणि तिचं एक गाऱ्हाणं ठरलेलं आहे: बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा आणि ओला कार्बोरेटर. त्यावरचा शेराही ठरलेला: ‘कार्बोरेटर गेला, नवा टाका.’ माझं म्हणणं असं, की या शेऱ्यात निदान कुठेच नाही. गळणारा कार्बोरेटर बहुधा गेलेला नसतो. त्यातला नखाएवढा एखादा भाग गेलेला असतो. तो कोणता, हे पाना हातात घेण्याआधी दोन प्रश्नांनी बरंचसं कळतं: गळतं कुठून, आणि केव्हा?

कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर म्हणजे गच्चीवरच्या टाकीची छोटी आवृत्ती. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि निडल व्हॉल्व्ह बंद करतो. ही कळ न बसल्यास पेट्रोल चढतच राहतं, पण इंजिन चालू असेपर्यंतच; कारण पद्मिनीचा पंप इंजिनवरच चालतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीत गळत असेल, तर संशय निडलवर नको, चेंबरच्या खालच्या अंगाच्या बुचांवर आणि वॉशरवर घ्यावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच थेंब येत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम पाहावा. गरम इंजिन बंद केल्यावर काही मिनिटंच पाझरत असेल, तर उष्णतेने पेट्रोल उकळून वर येत असण्याचा संभव जास्त. हे झालं ‘केव्हा’. ‘कुठून’ हे डोळ्यांना फसवतं, कारण पेट्रोल अंगावरून ओघळतं आणि थेंब भलत्याच टोकाला लटकतो. इंजिन थंड असताना, बॅटरीची तार काढून कार्बोरेटर कोरडा पुसावा आणि सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी. मग तार जोडून, ज्या स्थितीत गळतं तीच स्थिती आणावी. पूड सर्वांत वर जिथे काळवंडते, तिथे गळतीचं मूळ.

पेट्रोल वरून उतू जात असलं, तरी दोष निडलचाच असं नाही. सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरमध्ये व्हॉल्व्हची सीट वरच्या झाकणात आट्यांनी बसते आणि तिच्याखाली एक वॉशर असतो. तो नसेल किंवा पिचला असेल, तर निडल घट्ट बंद होऊनही पेट्रोल आट्यांमधून चेंबरमध्ये उतरतं. शिवाय वॉशरची जाडी पेट्रोलची पातळी ठरवते: वॉशर पातळ, तर पातळी उंच. म्हणजे नवी निडल टाकूनही पेट्रोल उतू जाऊ शकतं. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत खळखळ ऐकू आली, तर तो फुटला आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोक दाखवतात. पण आतलं पेट्रोल पूर्ण निघाल्याशिवाय डाग देणं जिवावर बेतेल, आणि डाग जास्त झाला तर फ्लोट जड होऊन पातळी पुन्हा वर चढेल.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, स्क्रू आवळले की झालं. पण झाकण मऊ धातूचं असतं. कडेचे कान जोराने आवळले की ते वाकतात आणि मधली फट उलट वाढते. झाकण काचेवर पालथं ठेवून खालून पातळ कागद सरकला, तर ते वाकलेलं समजावं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून ते हलक्या हाताने सपाट करावं आणि नवं पॅकिंग घालावं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा आहे. यात तथ्य आहे. जुनं रबर त्याने फुगतं किंवा कडक होतं, आणि टाकीतला साचलेला गाळ सुटून निडलच्या सीटवर येऊन बसतो. पण मग नवा कार्बोरेटर तरी काय करणार? टाकी तीच, गाळ तोच. इथेनॉलला टिकणारा डायफ्राम आणि नळ्या, साफ टाकी आणि वाटेत फिल्टर हा त्यावरचा उपाय. हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो.

बॉडीला तडा गेला असेल किंवा आटे झिजून गेले असतील, तर मात्र नवा कार्बोरेटर घ्यावा. तिथे माझा हट्ट नाही. तोवर दुरुस्तीची परीक्षा एकच: सांध्यांवर पुन्हा पूड टाकावी, गाडी फिरवून आणावी आणि रात्रभर उभी ठेवावी. सकाळी पूड पांढरीच असेल, तर काम झालं. काळवंडली असेल, तर निदान पुन्हा पहिल्या दोन प्रश्नांपासून.