शेवटची गाडी चुकली तेव्हा

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई घरी आली. मुलगा जपानी भाषा शिकायला ओसाकाला गेला आहे. चहा होईपर्यंत ताई इकडचं तिकडचं बोलल्या. मग पर्समधून मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. फोटोत टेबलभर ग्लास, पाच-सहा मुलं-मुली आणि मध्ये हा, हातात माईक घेऊन.

"सर, तिकडच्या रात्री दोनचा फोटो आहे हा. कर्ज काढून पाठवलोय आम्ही त्याला. हे असलं करायला?"

मी लगेच काही बोललो नाही. वीस वर्षांपूर्वी मीही असाच बसलो होतो. माझ्या आईने फोटो पाहिला नव्हता, इतकंच.

एम.ए. झाल्यावर 2004 च्या ऑक्टोबरात जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर मी दीड वर्षासाठी क्योतोला गेलो. निघताना आईने देवापुढे उभं करून वचन घेतलं, दारूला शिवायचं नाही. ते मी इतकं मनावर घेतलं की वर्गातली मुलं संध्याकाळी जेवायला बोलवायची तेव्हाही नाहीच म्हणायचो. पैशाचीही भीती होती. तिथे बिल सर्वांत सारखं वाटतात, त्याला 'वारिकान' म्हणतात. एका बैठकीचे साडेतीन हजार येन, म्हणजे तेव्हाचे चौदाशे-पंधराशे रुपये.

तीन-चार वेळा नाही म्हटल्यावर त्यांनी विचारणं सोडलं. डिसेंबरात असे दिवस गेले की दुकानातल्या मुलीच्या 'धन्यवाद'शिवाय दिवसभर कानावर माणसाचा शब्द नाही. परतीच्या तिकिटाची चौकशी करून आलो होतो.

तेवढ्यात वर्गातला एक सीनियर आला. वर्ष सरताना तिकडे 'बोनेनकाई' करतात. सरत्या वर्षाचे ताप विसरायची मेजवानी. म्हणाला, "दारू नको तर चहा पी. पण ये." गेलो. माझ्या ऊलाँग चहाच्या ग्लासालाही सगळ्यांनी 'कानपाई' म्हटलं. चहा का, हे कुणी विचारलं नाही. तिथे आपला ग्लास आपण भरायचा नसतो, शेजाऱ्याचा भरायचा, शेजारी आपला भरतो. पंगतीत वाढायची सवय असलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही.

आमचे प्राध्यापक जादा पैसे ठेवून लवकर उठले. मग मुलांची 'निजिकाई', म्हणजे दुसरी बैठक, कराओकेच्या खोलीत. बाराच्या सुमारास शेवटची गाडी गेली. पुढची पहाटे पाचला. टॅक्सी परवडणारी नव्हती, म्हणून सगळे तिथेच थांबलो. गाण्यांच्या त्या जाडजूड पुस्तकात आपलं एकही गाणं नव्हतं. शेवटी आजीने शिकवलेलं पुरंदरदासांचं पद मी तसंच म्हटलं. एका कोरियन मुलीने खंजिरीवर ठेका धरला. आईची भाषा कन्नड, वडिलांची मराठी, हे सांगितल्यावर सीनियरने विचारलं, "मग घरात भांडता कुठल्या भाषेत?" म्हटलं, "दोन्ही." सगळे हसले, मीही. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

पहाटे मशिनमधून गरम कॉफीचे डबे घेऊन कामो नदीच्या काठाने स्टेशनवर गेलो. तिकिटाची चौकशी पुन्हा केली नाही.

रविवारी फोनकार्डाने घरी बोललो. आईचा नेहमीचा पहिला प्रश्न, "ऊटा आतेनप्पा?" मग म्हणाली, "आज आवाज बरा वाटतोय तुझा. रात्रीही फोन केला होता, उचलला नाहीस." मी म्हटलं, "लायब्ररीत होतो."

वचन मोडलं नव्हतं. तरी खोटं बोललो, कारण रात्री बाहेर म्हणजे वाईटच, असं घरी ठरेल हे मीच धरून चाललो. त्या वर्षात अशा कितीतरी रात्री झाल्या. दर वेळी लायब्ररीच.

ताईंना हे सगळं सांगितलं. दुसरी बाजूही सांगितली. आमच्या वसतिगृहातला एक मुलगा रात्रपाळी आणि पार्ट्यांत असा अडकला की दुसऱ्या सहामाहीला वर्गात दिसेनासा झाला. तिथे परवानगी घेऊन विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तासच काम करता येतं. 2022 पासून सज्ञानतेचं वय 18 झालं, पण दारूसाठी 20 चीच अट आहे. त्याची हजेरी विचारा, कामाचे तास विचारा. त्या फोटोतली मुलं कोण, हेही विचारा. पण ओरडून विचाराल, तर तोही लायब्ररीतच असेल.

"तुमच्या आईला कधी सांगितलात?"

"नाही. राहून गेलं. 2016 साली ती गेली."

ताई काही बोलल्या नाहीत. पर्स आवरून निघाल्या. आपल्याकडे साडेसात वाजले होते, म्हणजे तिकडे अकरा. चप्पल घालता घालता त्यांनी फोन लावला. दारातून मला ऐकू आलं,

"जेवलास काय रे?"

थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,

"आणि फोटोत तुझ्या बाजूला बसलंय ते पोरगं कोण? कुठल्या गावचं?"