कुंभारीण, कोकीळमाशी आणि एक जून

'कुंभारीण' हा शब्द मला फार आवडतो. खिडकीच्या चौकटीत, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, कधीकधी तर वर्षभर न उघडलेल्या पुस्तकाच्या पाठीवर मातीचं घर बांधणारी ती बारीक कमरेची माशी. एकटीच येते, एकटीच चिखलाच्या गोळ्या वाहते, बधिर केलेलं भक्ष्य आत कोंबते, सोबत अंडं घालते, तोंड लिंपते आणि चालती होते. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. जुन्या लोकांनी पाहिलं की आत अळी गेली आणि बाहेर माशी आली. त्यातून 'भ्रमर-कीटक न्याय' निघाला. अळी माशीचं ध्यान करता करता माशीच होऊन जाते म्हणे! प्रत्यक्षात बिचाऱ्या अळीचा फराळ झालेला असतो. असो.

तर गोची अशी आहे की कुंभारीण ही एक माशी नाहीच. घरात कोळी भरणारी स्केलिफ्रॉन वेगळी आणि अळ्या भरणारी युमिनिस वेगळी. बसल्यावर पंख बघा. अळीवाली पंखांची उभी घडी घालते, कोळीवाली घालत नाही. आणि कूळ तपासलं तर आणखी गंमत. कोळीवाली ही अळीवालीपेक्षा मधमाशीला जास्त जवळची आहे! म्हणजे धंदा एक, मराठीतलं आडनाव एक, पण घराणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळी झालेली.

हे प्रकरण तसं सोपं म्हणायचं, कारण भेद निदान डोळ्यांना दिसतो. खरी परीक्षा सख्ख्या बहिणींच्या बाबतीत. त्यासाठी युरोपात जायला लागेल, क्रिसिस इग्निटाकडे. अर्धी निळी-हिरवी, अर्धी लालसोनेरी, एखाद्या दागिन्यासारखी दिसणारी सेंटिमीटरभर माशी. ही स्वतः घर बांधत नाही. एकट्या राहणाऱ्या दुसऱ्या माशीच्या घरात गुपचूप अंडं घालते, कोकिळेसारखं. (हिची एक मोठी निळी-हिरवी नातेवाईक, स्टिल्बम, आपल्याकडच्या कुंभारणीच्या घरांवरही असाच डल्ला मारते.)

लिनियसने १७५८ साली 'इग्निटा' हे नाव दिलं. मग लोक जसजसे बारकाईने बघायला लागले तसतसं लक्षात आलं की या एका नावाच्या छत्रीखाली बरीच मंडळी उभी आहेत. वॉल्टर लिन्सेनमायर नावाचा स्विस माणूस, चित्रकार आणि कीटकतज्ज्ञ. त्याने १९५९ साली या घराण्याची मोठी फेरतपासणी केली. कशावरून ओळखायचं? पोटावरचे बारीक खळगे किती दाट आहेत, शेवटच्या खंडाच्या कडेचे चार दात कसे आहेत, जबडा जाड की बारीक, पोटाखालचे काळे ठिपके केवढे, नराचे जननावयव कसे. सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. त्यात पुन्हा आकारावर भरवसा नाही, कारण अळीला लहानपणी खायला कमी मिळालं की माशी खुरटी होते. एकाच जातीत पाच मिलिमीटरची पण सापडते आणि दहाची पण!

अशा वेळी आमच्यासारख्या माणसाला वाटतं, अरे, प्रायमरी की कुठाय? २००३ साली कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी जवळजवळ तेच सुचवलं. मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि तोच प्राण्याचा बारकोड समजायचा. एक पाय तोडून दिला की काम झालं. २०१४ साली उत्तर युरोपातल्या इग्निटा गटाचीही अशी बारकोड लावून तपासणी झाली. ज्याला आधी नुसता इग्निटाचा एक 'प्रकार' म्हणत, त्याला आज क्रिसिस टर्मिनाटा म्हणून स्वतंत्र जातीचं स्थान आहे. ते नाव डालबोमने १८५४ सालीच देऊन ठेवलं होतं, पण मधली दीडशे वर्षं ते इग्निटात विरघळून गेलं होतं.

मग झालं की! सूक्ष्मदर्शक मोडीत काढा.. असं वाटतं, पण तसं होत नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणजे बारकोड ही घराण्याची अर्धीच गोष्ट सांगतो. दोन जातींमध्ये कधीकाळी एखादा संकर झाला, तर एकीचा बारकोड दुसरीत शिरून तिथेच राहू शकतो. त्यात वोल्बाकिया नावाचा जीवाणू आईकडून पोरांकडे जाताना तिचे मायटोकॉन्ड्रियाही सोबत ओढत नेतो. आणि दोन जाती अगदी अलीकडे वेगळ्या झाल्या असतील तर त्यांच्या अक्षरांत फरक पडायला वेळच मिळालेला नसतो. उलट एकाच जातीच्या, पण डोंगराआड अडकलेल्या दोन टोळ्यांचे बारकोड चांगलेच वेगळे निघू शकतात.

आणखी एक अडचण मला सगळ्यात जास्त आवडली. डीएनए फक्त गट पाडून देतो, नावं देत नाही. यातली 'खरी इग्निटा' कोणती, हे ठरतं ते टाचणीला टोचलेल्या जुन्या मूळ नमुन्यावरून. त्यासाठी पुन्हा खळगे, दात आणि जबडा! म्हणून आता शहाणे लोक सगळ्यांची साक्ष काढतात. शरीर, मायटोकॉन्ड्रिया, पेशीकेंद्रातली जनुकं, अंगावरच्या मेणाचं रसायन, कोणाच्या घरात अंडं घालते ते. साक्षी जुळल्या तर जात वेगळी. नाही जुळल्या तर थांबायचं आणि का जुळत नाहीत ते शोधायचं.

वर्गीकरणवाल्यांत दोन पंथ आहेत, जोडणारे आणि तोडणारे. आमच्या कामातही आहेत. ग्राहकांच्या यादीतल्या दुबार नोंदी शोधणं हे माझं कित्येक वर्षांचं पोटापाण्याचं काम. तिथे जोडणाऱ्यांची चलती असते, कारण नोंदी कमी झाल्या की तक्ता छान दिसतो.

माझ्या आत्याची पेन्शन अशीच एका जोडणाऱ्याने थांबवली होती. सात महिने. गावात तिच्याच नावाची, नवऱ्याचं नाव पण तेच, आणि आडनाव तर अख्ख्या वाडीचं एकच, अशी दुसरी बाई होती. जन्मतारीख दोघींची १ जून. मास्तरांच्या कृपेने त्या पिढीतलं अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे, हे तुम्हालाही माहीत असेल. तीन रकाने जुळले, कॉम्प्युटरने दोघींची एक बाई केली. सात महिने आत्या औषधाची एक गोळी मोडून दोन दिवस पुरवत होती. हे आम्हाला तिने सांगितलंही नाही, नंतर शेजारणीकडून कळलं.

सुटलं कसं? एका तलाठ्याने दोघींना एकाच दिवशी बोलावलं आणि शेजारी शेजारी उभं केलं. बस्स.

या क्रिसिसवाल्यांचं वाचताना मला राहून राहून तो तलाठी आठवतो. दोन नमुने एकाच भिंगाखाली शेजारी ठेवायला वेळ लागतो, पगार लागतो, आणि एक असा माणूस लागतो ज्याला बघायचा कंटाळा येत नाही. ज्या जातीला वेगळं नाव नाही ती उद्या एखाद्या कुरणातून नाहीशी झाली, तर यादीतलं काहीच कमी होत नाही. कारण यादीत ती नव्हतीच.

तेव्हा सोमवारी ऑफिसात कोणी 'तीन रकाने जुळतायत ना, करून टाक मर्ज' म्हणालं, तर मी चौथा रकाना मागणार आहे. रिलीज दोन दिवस पुढे गेलं तरी चालेल.