यंत्राने पाहिलं, मी नाही

गिटमधली ब्रँच म्हणजे जेमतेम एक ओळ: शेवटच्या कमिटचा ४० अक्षरी हॅश. फोर्स पुश ती ओळ सर्व्हरवर बिनदिक्कत बदलतो. तिथे आधी काय होतं, हे विचारतही नाही.

त्यावर २०१३मध्ये ‘फोर्स-विथ-लीज’ आला. मी शेवटचं पाहिलं तेच अजून तिथे असेल, तरच पुसा. ‘अपडेट-रेफ’ ही जुनी कमांडही हेच करते, फक्त आपल्याच रेपोत: नव्या हॅशसोबत जुना द्या, जुळला नाही तर ती नकार देते.

तरीही आमच्या टीममधल्या एकीचं दोन दिवसांचं काम ब्रँचवरून गायब झालं. पुश करणाऱ्याने लीज वापरली होती. पण त्याचा एडिटर मागच्या मागे फेच करत होता. तिचे कमिट त्याच्या लॅपटॉपवर येऊन पडले, त्याने ते बघितलेच नव्हते. गिटच्या लेखी मात्र ‘पाहिले’! तिच्या मशीनवर प्रत होती, म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी अपेक्षित हॅश स्वतः लिहितो. सुरुवातीची सात-आठ अक्षरं सहसा पुरतात. फक्त तो लॉग वाचतानाच उचलायचा. पुश करताना ओरिजिनवरून उचलला, तर पुन्हा यंत्राचंच पाहणं.