दुपारी भरलेली बॅग

डिसेंबरात दुपारी दोन वाजता बॅग भरायला घेतली की ती हलकी होते आणि रात्री दहानंतर घेतली की जड. कपाट तेच, माणसं तीच, जायचं गावही तेच. पण दुपारी आमच्या जालन्याच्या मस्तगडात पारा 28-29 अंशांवर असतो, पंखा एकवर लावावा की नको असा विचार चाललेला असतो, आणि वरच्या फळीवरचं स्वेटर नुसतं बघूनच मानेला खाज सुटते. रात्री तीच फरशी तळपायांना चावायला लागते. खिडकीची फट शोधून तिथे जुनं फडकं कोंबलं जातं. मग एक स्वेटर, त्यावर जाकीट, कानटोपी, मोजे, ‘असू द्या, लागेल’ म्हणून एक जादा शाल. जायचं असतं गणपतीपुळ्याला नाहीतर गोव्याला, आणि बॅग तयार होते ती हिमाचलची.

मी दोन्ही वेळच्या बॅगा पाहिल्या आहेत आणि माझं मत झालंय की त्या दोन्ही खोट्या असतात. दुपारची बॅग विसराळू असते, रात्रीची भित्री.

आमच्याकडची थंडी तशी अप्रामाणिकच. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना ऊन आणि टँकर आठवतात. पण जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे, समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली काळी जमीन सूर्य मावळला की सगळी ऊब वर सोडून देते आणि ती अडवायला ना ढग असतो ना हवेत ओलावा. म्हणून पहाटे पारा 10-11 वर येतो, उत्तरेकडून लाट आली तर आणखी खाली. एका दिवसात सतरा-अठरा अंशांचा उतार. माणसाने त्याला ऋतू म्हणावं की प्रहर, हा प्रश्नच आहे. सकाळी शाळेला निघालेली पोरं स्वेटरात असतात आणि परत येताना तेच स्वेटर बाह्यांची गाठ मारून कमरेला.

मस्तगड ही कुंडलिका नदीकाठची गढी, निजाम आसफजहाच्या हुकमावरून काबिलखानाने 1725 साली बांधलेली. तिच्यातल्या एका विलक्षण विहिरीबद्दल जुनं गॅझेटियर सांगतं: आत सज्जे आहेत, खोल्या आहेत. बांधणाऱ्याचा हेतू पाण्यापलीकडे काय होता ते तोच जाणे. पण जमिनीच्या पोटात तापमान वरच्याइतकं चढत-उतरत नाही, आणि अशा मुलखात ज्याच्या हाती सत्ता आणि गवंडी दोन्ही असतील त्याने कपडे बदलण्याऐवजी जागा बदलायची सोय केली, तर नवल वाटायला नको. आपल्याला ती चैन परवडत नाही. आपल्याला कपडेच बदलावे लागतात.

आता जिथे जायचं तिथली गोष्ट. रत्नागिरीत, गोव्यात डिसेंबरातली दुपार आमच्यापेक्षा उष्ण असते, 32-33 अंशांची, आणि घामट. रात्रही फार उतरत नाही, 19-20 पर्यंत येऊन थांबते. समुद्र दिवसा घेतलेली उष्णता एकदम परत देत नाही, हळूहळू सोडतो. या फरकाला सरकारी मान्यतासुद्धा आहे. हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करायला किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली यावं लागतं असं म्हणतं. किनाऱ्यावर मात्र 15 पुरतात. दोन्हीकडे सरासरीपेक्षा मोठी घट लागते, पण आकडे वेगळे. म्हणजे ज्या 15 अंशांत आमच्या गल्लीतला दूधवाला नुसत्या शर्टावर फिरतो, त्याच 15 अंशांना किनाऱ्यावर लाट म्हणतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग पटलं. थंडी आकड्यात नसतेच, ती सवयीच्या बाहेर पडण्यात असते. कोकणात 17 अंशांत कानाला मफलर गुंडाळून अंगणात बसलेले आजोबा दिसले तर हसू नये. शिवाय ते त्या थंडीवर खूश असतात. गारठा पडला नाही तर हापूसला मोहोर धड येत नाही, आणि मोहोर नाही तर मे महिना नाही. इकडे आमच्या हरभऱ्यालाही थंडी हवी, गव्हालाही हवी. आमच्याच तालुक्यातल्या कडवंचीच्या द्राक्षवाल्यांना मात्र ती बेताची हवी. पारा फार घसरला की मण्यांची फुगवण थांबते आणि तडे जातात. एकाच रात्री एका तालुक्यात कुणी थंडी वाढावी म्हणून देवाला हात जोडतो आणि कुणी कमी व्हावी म्हणून. बॅग भरणाऱ्याने हवामानाकडून एकवाक्यता मागू नये.

पण खरी अडचण जालन्यातही नसते आणि गणपतीपुळ्यातही नसते. ती मधल्या वाटेवर असते. मुंबईची वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली तेव्हा ती जालन्याहूनच निघायची, पहाटे पाचच्या सुमारास, आणि दुपारी बाराच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला टेकायची. (आता ती नांदेडहून येते.) त्या गाडीत कपड्यांचा एक अख्खा तमाशा बघायला मिळायचा. फलाटावर सगळे गुंडाळलेले, नाकातून वाफा. डब्यात बसलं की वातानुकूलित गारवा, म्हणून जाकीट तसंच. मनमाड मागे पडलं की एकेकाची कानटोपी निघे. नाशिकनंतर कसारा घाट उतरला की मफलर गेला, ठाण्याला स्वेटर हातावर आलं, आणि मुंबईत उतरताना प्रत्येकाच्या हातात एक लोकरीचं ओझं; ज्याचं आता पुढचे चार दिवस काही काम नाही आणि जे बॅगेत मावतही नाही, कारण बॅग भरताना ते अंगावर होतं. हा हिशेब जवळजवळ सगळे विसरतात. अंगावरचे कपडेसुद्धा सामानच असतात.

गाडी स्वतःची असेल तर मजा वेगळी. कराडहून पाटणकडे वळलं, पहाटेची वेळ असली की कोयनेच्या खोऱ्यात धुकं बसलेलं असतं, काच पुसत पुसत जावं लागतं, चहाच्या टपरीवर उतरलेली माणसं ग्लास दोन्ही हातांत धरून उभी. कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात आलं की तासाभरात गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी आठवतं की आपण गुदमरतोय. मागच्या सीटवर कपड्यांचा ढीग होतो आणि त्या ढिगाखाली पाण्याची बाटली हरवते.

बरं, हेही नेहमीच्या वर्षाचं. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं. अरबी समुद्रातून वर सरकत ते गुजरातच्या दिशेने गेलं आणि 4-5 तारखेला मुंबई-कोकणात भर हिवाळ्यात पाऊस पडला. मुंबईत 5 डिसेंबरला शाळांना सुटी द्यावी लागली. समुद्रावर मजा करायला आलेल्यांनी स्वेटर आणलं असेल, पोहायचे कपडे आणले असतील. डिसेंबरात छत्री कोण आणतं? दोन महिन्यांनी, 11 फेब्रुवारी 2018 ला, पाळी आमची आली. जालना जिल्ह्यात गारपीट झाली, उभी रब्बी झोपली. सहलीची फजिती आणि शेताचं नुकसान एका वाक्यात मांडू नये हे मला कळतं. पण दोन्हींमागे गोष्ट एकच आहे: आपल्याकडचा हिवाळा कोरडा असतो हा आपला अंदाज आहे, हिवाळ्याने तसं वचन दिलेलं नाही.

चुकीच्या ऋतूसाठी सामान बांधण्याची सर्वांत मोठी गोष्टही आमच्याच जिल्ह्यातून सुरू झालेली आहे. उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले ते पटदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, 14 मार्च 1760 ला. फाल्गुन होता. उन्हं चढत होती. पुढे पानिपतावरची कोंडी पौषापर्यंत लांबली, आणि 14 जानेवारी 1761 ला जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. त्या पराभवाची कारणं मोठी आहेत: रसद तुटली, फौजेबरोबर यात्रेकरू आणि कुटुंबकबिला होता, समोर अब्दाली होता. थंडीला त्या यादीत फार वरचा नंबर देऊ नये. तरी उपाशी माणसाला दख्खनच्या कपड्यांत उत्तरेतली पौषातली पहाट काढायची म्हणजे काय, ते परतूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याला आपली 10 अंशांची पहाट माहीत असते. फक्त ती दहा वाजता संपते. तिकडची संपत नाही. पठारावरच्या माणसाला थंडी सोसण्याची सवय असते ती काही तासांची, हे आपण बाहेर पडताना विसरतो. आपली थंडी उन्हाच्या भरवशावर उभी असते.

याच पठारावरून दरसाल कोकणात उतरणारी, आणि आमच्यापेक्षा फार शहाणपणाने सामान बांधणारी एक जमात आहे. माण-फलटणकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन घाट उतरतात, भाताच्या कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, त्या खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा वर येतात. कोकणातला पाऊस मेंढीला मानवत नाही. म्हणजे ते हिवाळ्यात उबदार प्रदेशात जातात. आपण ज्याला पर्यटन म्हणतो तेच, फक्त पायी आणि पोटासाठी. बिऱ्हाड घोड्यावर, अंगावर घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. रात्री पांघरूण, दिवसा बसायला आसन, पाऊस आला की खोळ करून डोक्यावर, वारा सुटला की खांद्यावर, काहीच नसेल तर घडी करून काठीला. एक वस्तू, सगळे प्रहर.

घोंगडीचं कौतुक करणं सोपं आहे, विशेषतः ती न वापरणाऱ्याला. ती टोचते. भिजली की जड होते आणि वाळायला दिवस घेते. बॅगेत घातली तर दुसरं काही मावत नाही. मी काही कुणाला घोंगडी घेऊन गोव्याला जा म्हणणार नाही. पण तिच्यामागचं डोकं उचलण्यासारखं आहे. तिला बाही नाही, गुंडी नाही, चेन नाही. ती अर्धी घेता येते, पाव घेता येते. जाकीट असं नसतं. जाकीट एकतर असतं किंवा नसतं. जिथे दिवस थंड असतो आणि थंडच राहतो तिथे जाकीट बरोबर. आपल्याकडे ऊब तासातासाने वाढवावी-कमी करावी लागते, आणि ते काम न शिवलेलं कापड जास्त चांगलं करतं.

आमच्या घरी हा वाद दर वेळी होतो आणि दर वेळी आई जिंकते.

‘‘काहून काढून ठेवलं स्वेटर?’’

‘‘आई, समुद्रावर थंडी नसते.’’

‘‘समुद्रावर नसंल. पण तू काय उडून चाललास का समुद्रावर? वाटंत थंडी नाही का?’’

यावर उत्तर नाही. हवामानाचे सगळे नकाशे मुक्कामाचं गाव दाखवतात. वाट आईच्याच लक्षात असते. मोबाइलवर मीसुद्धा मुक्कामाचंच तापमान बघतो.

जाकीट गावोगाव कसं पोचलं, याची गोष्टही गमतीची आहे. थंडीच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांचे गाळे लागतात. त्यांच्यातल्या काहींचं घर आपल्याच राज्यात आहे: गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नाव नॉर्ग्येलिंग. बराचसा माल येतो लुधियानाचा. म्हणजे पंजाबच्या थंडीच्या मापाने बेतलेला कपडा, हिमालयापलीकडून आलेल्या माणसांच्या हातून, 28 अंशांच्या दुपारी आपण घेतो, घासाघीस करून. पोरांना तो चकाकणारा, फुगीर कपडा आवडतो, आवडू दे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडची पुष्कळ माणसं आहेत, त्यांना आमची थंडी थंडीच वाटत नाही. तरी रात्रपाळी करून, 1500 अंशांच्या वरच्या भट्टीसमोरून पहाटेच्या गारठ्यात सायकलवर निघताना तेही आधी कान बांधतात. जाकीट नंतर. मला वाटतं, हवा बदलते त्या उंबरठ्यावर रोज उभा राहणारा माणूस याबाबतीत आपल्यापेक्षा जास्त जाणतो.

तेव्हा समुद्राकडे निघालेल्या पठारावरच्या माणसाने काय घ्यावं, याबद्दल माझं मत असं. सुती कपडे, रोज दोनदा बदलावे लागतील इतके, कारण तिकडचा घाम वाळत नाही. एक पातळ, अर्ध्या बाह्यांचं स्वेटर, जे शर्टाच्या आत जातं. एक शाल, जी घाटात पांघरूण होते आणि वाळूवर बैठक. कान बांधायला एक मोठा रुमाल. आणि घडी करून मुठीत मावेल असा एक रेनकोट, ओखीच्या आठवणीसाठी. फुगीर जाकीट घरी.

आणि उलट दिशेने येणाऱ्यांना, म्हणजे मुंबई-कोकणातून डिसेंबर-जानेवारीत इकडे हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती. मराठवाडा उष्ण म्हणून तुम्ही टोपी आणि गॉगल घेऊन येता, ते बरोबरच आहे, दुपारी लागतात. पण हुरडा भाजायचा जाळ शेतात पेटतो आणि शेतात सहानंतर काय होतं ते तुमच्या फोनवर दिसत नाही. एक शाल आणा. नाही आणलीत तर आमच्याकडे वाकळा आहेत, हव्या तितक्या. फक्त त्या झोपायच्या आहेत, अंगावर घेऊन बांधावरून चालता येत नाही.