तंबू कुठं ठोकायचा?



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. रोह्याकडच्या वालाला शेंगा धरल्यात. आमच्या पेणच्या खारेपाटात भाताशिवाय दुसरं पीक नाय, त्यामुळं पौषात बांधाची डागडुजी सोडली तर हातात वेळ असतो. या दिवसांत आम्ही पाच-सहा जण दोन रात्री समुद्रावर गरवायला जातो. आम्ही इकडून वडखळ-पोयनाड-अलिबाग करून जातो, साडू आणि त्यांची माणसं रोह्याहून चणेऱ्याच्या रस्त्यानं साळावला उतरतात. यंदा माझा पुतण्या आणि त्याचा एक मित्र, दोघं कॉलेजची पोरं, बरोबर होती. तंबू कुठं लावायचा यावरून त्यांच्याशी बरंच बोलणं झालं. ते लिहून ठेवतोय. शेतीच्या पानावर मासळीचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण यातलं निम्मं बांधावरच शिकायला मिळतं.

पहिली गोष्ट तिथी. पोरं सुट्टीचा वार बघतात, आम्ही पंचांग बघतो. हिशोब जुना आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पुनवेला सव्वाअकराच्या पुढं. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसात दोनदा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, त्यासाठी मोबाईलवर भरतीचा तक्ता बघावा. पण मोबाईलची रेंज गेली तरी तिथी कुठं जात नाय.

यंदा आम्ही शुद्ध त्रयोदशी आणि चतुर्दशी धरली. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हंजे रात्री पावणेदहाला भरती, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चारला पोचलो की उघडा किनारा डोळ्यांनी बघता येतो. कुठं वाळूत खोलगट आहे, कुठं खडक आहे, कुठं पाणी परत जाताना घळ पडली आहे, ते बघून ठेवायचं. मासा चढत्या पाण्याबरोबर त्याच खोलगटात येतो. अंधारात गरी टाकताना दुपारी बघितलेलं कामी येतं.

दुसरी गोष्ट किनाऱ्याचा उतार. आक्षी-नागावचा किनारा सपाट, ओहोटीला पाणी लांब जातं. काशीदला उतार जास्त, पाणी जवळच खोल होतं. दोन्हीकडं धोका आहे, पण वेगवेगळा. सपाट किनाऱ्याचा हिशोब पोरांना वाळूवर काठीनं मांडून दाखवला. समजा शंभर फुटाला एक फूट उतार आहे आणि पाणी चार मीटर चढणार आहे. म्हंजे पाण्याची कड चारशे मीटर आत येणार. ते पण सारख्या चालीनं नाय. भरतीच्या सहा तासांचे बारा हिस्से धरा. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं, म्हंजे दोनशे मीटर. पहिल्या तासाची चाल बघून माणूस गाफील राहतो, गाडी वाळूत उभी ठेवतो, मग ट्रॅक्टर शोधत फिरतो. उघाडीवर उभा राहिलेल्या खारेपाटातल्या माणसाला हे सांगावं लागत नाय. तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी कसं धावतं ते त्यानं बघितलेलं असतं.

उताराच्या किनाऱ्यावर पाणी लांब येत नाय, पण परत जाताना पाय ओढतं. तिथं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गळ फेकायचा नाय. 2016 साली 1 फेब्रुवारीला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली 14 मुलं बुडाली. दिवसाढवळ्या, हिवाळ्यात, पाऊस-वादळ काही नसताना. पोरांना मी ते आठवण करून दिलं. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाय, आणि एकट्यानं तर नायच, एवढा नियम ठरवला.

आम्ही रेवदंडा ते काशीद या पट्ट्यातली एक मध्यम उताराची जागा धरली. नाव देत नाय. पुढच्या रविवारी तिथं जत्रा भरायला नको.

आता तिसरी आणि मुख्य गोष्ट. पुतण्यानं तंबूसाठी जागा दाखवली ती सपाट, साफ, कोरड्या वाळूची. समोर दहा पावलांवर ओल्या कचऱ्याची रेघ होती. तो म्हणाला, "काका, पाणी इथपर्यंतच येतं, ही बघा खूण. आपण वर आहोत." दिसायला बरोबर होतं. पण ती रेघ सकाळच्या भरतीची होती.

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. पावसाळ्यात उलटं, दिवसाची मोठी. म्हणून आषाढ-श्रावणात खाडीच्या बांधाला खांड जाते ती बरेचदा उधाणाच्या दिवशी भरदुपारी. मुंबईच्या भरतीचा तक्ता काढून बघा. पावसाळ्यातले मोठे आकडे दुपारच्या वेळेसमोर असतात, डिसेंबर-जानेवारीतले मध्यरात्रीच्या आसपास. पौषात दुपारी किनाऱ्यावर आलेल्या माणसाला ताजी रेघ दिसते ती लहान भरतीची. मोठी अजून यायची असते, आणि ती येते तेव्हा तो झोपलेला असतो.

शिवाय त्रयोदशी म्हंजे पाणी चढत्या दिवसांतलं. पुनव, पाडवा, बीजेपर्यंत रोज थोडं जास्त चढणार. दोन रात्री राहायचं असेल तर दुसऱ्या रात्रीचा हिशोब पहिल्या दिवशीच करायला हवा.

मग खरी खूण कुठली? मी त्यांना वर चालत नेलं. ताज्या रेघेच्या वर दुसरी रेघ होती, सुकलेली, तिच्यात शिंपले, काड्या, बाटल्यांची बुचं. ती मागच्या अवसेच्या उधाणाची. तिच्याही वर, सुरूच्या झाडांच्या पायथ्याशी, मोठे ओंडके, फाटक्या जाळ्यांचे गोळे, काळं पडलेलं थर्माकोल. ती पावसाळ्याची. किनाऱ्यावर अशा तीन रेघा वाचायच्या. तंबू हिवाळ्यात दुसऱ्या रेघेच्या वर, पुरेसं अंतर सोडून.

चौथी खूण झाडपाल्याची. वाळूवर एक वेल पसरते, जाड पानं, मधोमध दुभंगलेली, जांभळी फुलं. तिला मर्यादवेल म्हणतात. नावातच सगळं आलं. रोजचं खारं पाणी जिथं येतं तिथं ती टिकत नाय. आपण शेतात गवत बघून सांगतो ना, इथवर खारं पाणी शिरलं होतं म्हणून, तसंच हे. पण तंबू वेलीवर ठोकायचा नाय. ती वाळू धरून ठेवते. ती गेली की वाऱ्यानं वाळू उडते आणि मागची वाडी उघडी पडते. दोन वेलींच्या मधली मोकळी जागा बघावी.

वाळूत कोपरभर खड्डा करून बघितला. वरून कोरडी आणि हातभर खाली गार चिकट लागली तर ती जागा सोडावी, रात्री अंथरूण दमट होतं. ओहोळाच्या तोंडाशी मासा चांगला लागतो, पण तिथं झोपायचं नाय. भरतीचं पाणी ओहोळातून मागच्या बाजूनं शिरतं आणि परतीची वाट तोडतं. गरवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी असली तर बिघडत नाय, दोनशे पावलं चालावं.

सुरूच्या बनात अगदी आत पण नको. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं आपल्या जिल्ह्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आणि सुरूची बनं झोडपली, ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर वर नजर टाकल्याशिवाय झाडाखाली बसू नये. सुकी फांदी, नारळाची झावळी, सुटलेला नारळ, काहीही डोक्यावर येऊ शकतं. आम्ही झाडांच्या कडेपासून आठ-दहा पावलं पुढं तंबू लावले.

वाऱ्याचं पण सांगतो. संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून येतो. रात्री तो पडतो आणि मग जमिनीकडून गार वारा सुटतो, त्याला मतलई म्हणतात. म्हणून तंबूचं दार समुद्राकडं आणि पाठ झाडांकडं. पोरांना उजेड असतानाच पोपटी लावायची होती. वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला साडूंनी रोह्याहून आणलेला, मडकं पण तयार. पण तेव्हा वारा सुरूकडं वाहत होता, आणि सुरूची वाळलेली काडी पेटायला वेळ लागत नाय. साडू पोरांना म्हणाले, "वारा फिरू दे, मग लावा. राब भाजताना काय बघतो आपण?" वारा फिरल्यावर तंबूच्या खालच्या अंगाला, उघड्या वाळूवर पोपटी लावली. ठिणग्या समुद्राकडं गेल्या. निघताना निखाऱ्यावर पाणी ओतलं. नुसती वाळू टाकली तर निखारा आत धगधगत राहतो आणि सकाळी अनवाणी पोराचा पाय भाजतो.

पुतण्याच्या मित्राचं म्हणणं होतं की एवढी भानगड कशाला, कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठी राहू, तिथं भरती नाय. भरती नाय, पण पाणी वाढतं. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी नदीत येतं, त्यावरच तिथलं राफ्टिंग चालतं. आभाळात ढग नसताना सकाळी नदी चढते. नदीतल्या वाळूच्या बेटावर तंबू लावायचा विचार मनात पण आणू नये.

आणि सगळ्यात आधी करायचं काम म्हंजे गावात विचारणं. आम्ही पोचल्यावर कोळीवाड्यात गेलो. एक म्हातारे जाळं शिवत बसले होते. साडूंनी विचारलं, "आजोबा, दोन रात्री राहायचंय, गरवायचंय. कुठं बसलं तर चालेल?" त्यांनी हात केला आणि सांगितलं, तिकडं खुंटे आहेत, जाळं लागतं, तंगूस टाकू नका, त्या खडकाच्या पलीकडं जा. पाण्यासाठी हातपंप पण दाखवला. त्यांच्या जाळ्यात आपली गरी अडकली तर नुकसान त्यांचं. आपल्या शेतात कुणी न विचारता गाडी घातली तर आपल्याला कसं वाटेल, तेवढंच. काही ठिकाणी ग्रामपंचायतीची परवानगी लागते, सुरूचं बन वनखात्याचं असू शकतं, ते पण विचारून घ्यावं. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. रात्री मोठे दिवे समुद्राकडं रोखून ठेवू नयेत, आणि कासव दिसलं तर लांब थांबून वनखात्याला कळवावं.

रात्री पावणेदहा-दहाला पाणी पूर्ण चढलं. सकाळच्या रेघेच्या वर मी पावलं मोजली, चौदा भरली. पुतण्यानं दाखवलेल्या जागेवर घोटाभर पाणी फिरत होतं. दुसऱ्या रात्री आणखी पाच पावलं चढलं. दुसरी रेघ तरी वरच राहिली, आणि आमचे तंबू तिच्या वर. पोरं बॅटरी घेऊन ते बघत उभी होती. कुणी काही बोललं नाय. दुसऱ्या दिवशी पुतण्या स्वतःच रेघा शोधत किनाराभर फिरला.

मासळी म्हणाल तर बेताची. चार शिंगाळ्या, एक तांबोशी, थोडी बोय. शिंगाळीचा काटा चिमट्यानं मोडून मगच ती गरीवरून काढावी, लागला तर हात रात्रभर ठणकतो. उथळ पाण्यात पाय घासत चालावं, वाळूत पाखट बसलेली असते, ती सरकून जाते.

खारेपाटातल्या शेतकऱ्यांना यातून एक काम सांगतो. पौष आणि माघातल्या पुनवेच्या, अवसेच्या नंतरच्या दोन-तीन पहाटे खाडीच्या बांधावर एक चक्कर मारा. रात्रीच्या उधाणाची ओल बांधावर ताजी दिसते. ती बांधाच्या माथ्यापासून किती खाली आहे ते काठीनं मोजा. आतल्या अंगाला कुठं पाझर दिसतो, खेकड्याची बिळं कुठं आहेत, उघाडीच्या झापातून पाणी झिरपतं का, ते बघून खुणा करा. दुपारी गेलात तर यातलं निम्मं दिसणार नाय. मातीकाम आता होतं, जूनमध्ये होत नाय. एक हात पण अंतर उरलेलं नसेल तर पावसाळ्यात वारा आणि लाटा त्यावर चढणारच, हे धरून चाला.

तुमच्याकडं उधाणाची रेघ कुठवर आली, मोजली असेल तर तिथी घालून कळवा.

रामराम.