पोस्टमनकाकांचं देणं

परळच्या आमच्या चाळीतून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या आज ठाणे, डोंबिवली, वाशीपर्यंत जातात, ते एका निवृत्त पोस्टमनमुळे. चाळीत ते सगळ्यांचे काका, एवढीच ओळख पुरे.

धंदा आईने सुरू केलेला. 1982च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, खोल्या विकल्या गेल्या, आणि गिरगाव-लालबागची कितीतरी कुटुंबं मध्य रेल्वेच्या वाटेने लांब गेली. चव तिकडे गेली, चूल इकडेच राहिली. डोंबिवलीत बसून कुणी ‘उकडीचे मोदक’ शोधले, की गूगल त्याला डोंबिवलीचीच माणसं दाखवणार. स्थानिक शोधात गूगल तीन गोष्टी तोलतं: मागितलं त्याच्याशी धंदा किती जुळतो, तो किती जवळ आहे आणि त्याचं नाव किती झालंय. यातलं अंतर काही केल्या आपल्या हातात येत नाही.

2016च्या सुमारास एका एजंटने तोड सुचवली. नातेवाइकांचे पत्ते घ्या, गूगल नकाशावर प्रत्येक शहरात एक नोंद करा. घरात बहुतेकांना ते पटलंही होतं. काकांनी मला बाजूला घेतलं. “पोरी, हाक मारल्यावर ओ द्यायला जिथे कुणी नाही, तो पत्ता कसला?” गूगलचा नियम याहून वेगळा नाही. धंद्याचं माणूस जिथे नाही तिथली नोंद बंद होऊ शकते. गिऱ्हाईक घरी येत नसेल तर पत्ता झाकून फक्त सेवेचे भाग लिहायचे असतात, वीसपर्यंत. आम्ही परळची एकच नोंद केली. तेव्हा पडताळणीचा आकडा टपालाने कार्डावर येई. काकांनी पत्ता स्वतः सांगून लिहवून घेतला: खोली, मजला, चाळ, गल्ली, शेवटी 400012. पिनकोड 15 ऑगस्ट 1972ला सुरू झाला आणि तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने बसवला, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. वेलणकरांचं नाव घेताना त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू घरातलंच कुणी.

खरी विद्या त्यांच्याकडे पाकिटांवरून आली होती. गिरगाव इंग्रजीत कुणी शेवटी ‘एन’ लावून लिहितो, कुणी ‘एम’. लोक रस्त्याचं नाव विसरतात, पण थिएटर-हॉस्पिटलच्या खुणेने ‘भारतमाताजवळ’, ‘हिंदमाताला’, ‘केईएमसमोर’ म्हणतात. दादर म्हटलं तरी पूर्वेला 400014, पश्चिमेला 400028. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं 2018मध्ये प्रभादेवी झालं, तरी जुनं गिऱ्हाईक अजून एल्फिन्स्टनच म्हणतं. माणूस बोलतो तसंच फोनवर लिहितो, हे मला कुठल्याही वर्गात शिकायला मिळालं नसतं. आमच्या वेबसाइटवर हे शब्द जसेच्या तसे आले.

शहरांच्या पानांचंही तेच. गावाचं नाव तेवढं बदलून एकच मजकूर चार पानांवर चिकटवायची पद्धत सर्रास आहे. गूगल त्याला डोअरवे पान म्हणतं आणि ते त्याच्या धोरणाविरुद्ध आहे. माझ्या मते ती गिऱ्हाइकाचीही फसवणूक आहे, कारण त्याला हवं ते त्यात नसतं. काकांची लेक डोंबिवलीला. तिच्याकडे गेले की ते फडके रोडवर फिरून येत आणि मला सांगत: इथे माणूस आधी पूर्व की पश्चिम ते बोलतो, वाशीत सेक्टरचा नंबर, ठाण्यात नौपाडा की घोडबंदर. त्यावरून पानं लिहिली. कुठल्या वारी डबे निघतात, स्टेशनच्या कुठल्या अंगाला मिळतात, किमान किती नग, चतुर्थीची ऑर्डर कधी बंद होते. नकाशात आम्ही डोंबिवलीत फारसे दिसत नाही, पण नकाशाखालच्या निकालांत ते पान सापडतं, आणि फोन तिथूनच येतात. गूगलवर नाव व्हावं म्हणून अभिप्रायासाठी कुणाला लाडू देऊ केला नाही. खाल्लंत तसं लिहा, एवढंच आई सांगते.

काका आता लेकीकडेच राहतात. फुकटचा डबा घेत नाहीत. अंगारकीला त्यांनी पानावरच्या नंबरावर रीतसर ऑर्डर दिली, आगाऊ पैसे भरले आणि मग मला फोन केला: “पूर्वेला डबे देता ती जागा रिक्षांनी भरलीय, म्हाताऱ्यांना उभं राहता येत नाही. जिन्यापाशी द्या, आणि पानावर आजच बदल.”

त्या रात्रीच बदललं.