अग्नीत गाणारा मुलगा

कोलोन शहर आपल्या घरांत आले ते बाटलीतून. आजीच्या कपाटात, अमृतांजनाच्या शेजारी ती बाटली असे. पोराला ताप चढला की रुमालाच्या घडीवर चार थेंब टाकायचे आणि घडी कपाळावर ठेवायची. हे 'कोलन वॉटर' म्हणजे एका गावाच्या नावाचे पाणी आहे, हे आमच्या घरी बहुधा कुणाच्याच ध्यानात आले नसावे. ऱ्हाइन नदीकाठच्या त्या गावात फारिना नावाच्या इटालियन घराण्याची अत्तराची पेढी १७०९ सालापासून आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी मावसबहिणीकडे तिथे गेलो, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी ते दुकान दाखवले. मी वास घेतला आणि अंगात ताप असल्यासारखे वाटू लागले!

स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकावे तो समोर कथीड्रल. मान मागे टाकावी तितकी थोडीच. १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे. पाया घातला १२४८ साली आणि काम पुरे झाले १८८० साली. मध्ये काही शतके ते अर्धवटच पडून होते. आपल्याकडे एखादा पूल तीन वर्षे रेंगाळला की आपण वर्तमानपत्राला पत्रे लिहितो! दक्षिणेच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत असे कळल्यावर मी खालूनच हात जोडले.

पण मला पाहायचे होते ते घर कथीड्रलपासून चार पावलांवर होते. वालराफ चौकातले नभोवाणी केंद्र. बाहेरून विशेष काही नाही. सरळ, गंभीर, सरकारी वळणाची इमारत. लोक शेजारच्या दुकानांतून पिशव्या भरून चालले होते, आणि मी त्या इमारतीकडे टक लावून उभा राहिलेला पाहून बहिणीला थोडी लाज वाटत असावी. "दादा, इथे बघण्यासारखं काय आहे?" असे तिने विचारलेही. बघण्यासारखे काही नव्हतेच. जे होते ते ऐकण्यासारखे.

या केंद्राने १९५१ साली एक नवलाचा स्टुडिओ काढला. वाद्ये नाहीत, वादक नाहीत. विजेच्या यंत्रांतून निघणारे नाद आणि ध्वनिफिती एवढाच संसार. तिथे कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन नावाचा तरुण आला. याच परिसरात १९२८ साली जन्मलेला. मनोरुग्ण आईला १९४१ साली नाझींनी ठार केले, बाप युद्धात गेला, आणि हा सोळाव्या वर्षी लष्करी इस्पितळात जखमींच्या डोल्या वाहत होता. कोलोनची स्थिती काय वर्णावी? १९४२ सालच्या ३० मेच्या रात्री सुमारे हजार विमानांनी या गावावर एकाच वेळी आग ओतली. पुढे युद्ध संपेपर्यंत गावाचा मध्यभाग जवळजवळ उरलाच नाही. कथीड्रल मात्र बाँब झेलून उभे राहिले.

स्टॉकहाउझनने निवडलेली कथा बायबलातली. नबुखद्नेस्सर राजाने सोन्याची मूर्ती उभारली आणि फर्मान काढले की सर्वांनी तिच्यापुढे लोटांगण घालावे. तीन तरुणांनी नकार दिला. राजाने त्यांना धगधगत्या भट्टीत टाकले, आणि ते आत जळण्याऐवजी देवाचे स्तवन गात राहिले. आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. प्रल्हाद आणि होलिका ज्याने ऐकली आहेत त्याला तर मुळीच नाही.

तीन तरुणांसाठी गायला मात्र एकच मुलगा होता. योझेफ प्रोच्का, वय वर्षे बारा. त्याने तुकड्यातुकड्यांनी गायचे, ते फितीवर घ्यायचे, फीत कात्रीने कापायची, जोडायची, एका आवाजावर दुसरा चढवायचा, त्यावर तिसरा. कधी घुमारा देऊन आवाज दूर लोटायचा, कधी अगदी कानाशी आणायचा. असे करता करता त्या एका पोराचा समुदाय झाला. त्याला 'तरुणांचे गान' असे नाव दिले. लांबी तेरा मिनिटांहून किंचित जास्त. काम मात्र कित्येक महिन्यांचे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. दरवर्षी मी बी.ए.च्या वर्गाला ध्वनिविचार शिकवतो आणि दरवर्षी मागच्या बाकावर दोघेजण झोपतात. स्टॉकहाउझन त्याच काळात शेजारच्या बॉन गावी मायर-एप्लर या प्राध्यापकांकडे ध्वनिशास्त्र शिकत होता. तिथे त्याला उमगले की 'आ', 'ई', 'ऊ' हे यंत्राच्या शुद्ध सुरांच्या बाजूचे आणि 'स', 'श' हे नुसत्या खरखरीच्या बाजूचे. म्हणजे मुलाचा उच्चार आणि यंत्राचा नाद हे एकाच शिडीवर मांडता येतात. एकातून दुसऱ्यात अलगद उतरता येते. वाचताना मी टेबलावर मूठ आपटली. अहो, गाण्यातल्या सुराला आणि वर्णमालेतल्या 'अ-आ'ला आपण एकच शब्द वापरतो: स्वर! आणि 'श-ष-स' यांना आपले व्याकरण काय म्हणते? ऊष्मवर्ण. त्यांतही ऊष्माच! ज्वाळांचा फुत्कार ज्या वर्णांतून ऐकू यावा त्यांना आपल्या पूर्वजांनी हेच नाव देऊन ठेवले आहे. स्टॉकहाउझनने ते वाचले होते असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी मागचा बाक जागा राहील अशी आशा आहे.

पहिला प्रयोग झाला ३० मे १९५६ रोजी, याच इमारतीच्या मोठ्या दालनात. तारीख पाहा, त्या भयंकर रात्रीला बरोबर चौदा वर्षे होत होती. व्यासपीठावर गायक नाही. श्रोत्यांभोवती लाऊडस्पीकरांचे पाच गट, आणि आवाज एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारा. ही रचना कथीड्रलमध्ये व्हावी अशी आपली इच्छा होती, पण देवळात लाऊडस्पीकर शोभत नाहीत म्हणून परवानगी मिळाली नाही, असे स्टॉकहाउझन पुढे सांगत. आपल्याकडच्या गणेशोत्सवाला त्या पाद्र्यांना एकदा न्यायला हवे!

ती रचना मी बहिणीच्या घरी ऐकली. खरे सांगतो, पहिली दोन मिनिटे घरातली भांडी पडताहेत की काय असे वाटले. मग त्या गदारोळात मुलाचा आवाज आला. एकटा, कोवळा. एक अक्षर कळले, चार विरघळली. पुन्हा तोच आवाज दहा ठिकाणांहून आला. शब्दांचे भुसकट होऊन उडते, आणि मधूनच एखादा शब्द लख्ख समोर येतो. येतो तो बहुतेक स्तुतीचाच. पंढरीच्या वाटेवर हजारो निरनिराळे गळे मिळून एक नाद होतो. इथे उलटे, गळा एकच, आणि तोच आपल्याला साथ देतो आहे. ते ऐकून मला आनंद झाला नाही. एवढ्या आवाजांत त्याला दुसरे कुणी नाही, हे मनातून जाईना.

बहिणीचा मुलगा शेजारी बसला होता. तोही बाराच वर्षांचा. त्याला मराठी कळते, पण तुकड्यातुकड्यांनी. मी भरभर बोललो की मधलेच दोन शब्द त्याच्या हाती लागतात. "मामा, हा एकटाच आहे?" त्याने विचारले. मी हो म्हटले. "मग तो कुणाशी बोलतो?" मी पाहतच राहिलो. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्याचाही आवाज फुटायला लागलाय. शाळेच्या वृंदात आता वरच्या पट्टीत घेणार नाहीत." प्रोच्काचाही फुटला असणारच. पुढे तो ऑपेरातला नावाजलेला गायक झाला. पण फितीवर मात्र बारा वर्षांचाच राहिला.

तो स्टुडिओ या शतकाच्या आरंभी बंद झाला. ज्यासाठी तिथे महिनेन् महिने कात्री चालत होती, ते माझ्या भाच्याने त्या रात्री मोबाइलवर अर्ध्या तासात केले. त्याला 'ळ' येत नाही. 'बाळ'चा 'बाल' होतो, 'केळे'चा 'केले'. मी म्हणून दाखवायचो, तो म्हणायचा, आणि दर वेळचा आवाज आधीच्यावर चढवायचा. सहा वेळा झाल्यावर त्याने सगळे एकत्र लावले. सहा भाचे एकदम 'बाळ' म्हणाले, आणि त्यांतल्या एकाचा 'ळ' स्वच्छ आला. कितव्याचा, ते शोधत आम्ही दोघे बराच वेळ बसलो होतो.